नॉमिनेशन सगळीकडे आहे, पण मुलाच्या वतीने सही कोण करणार?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. तुम्ही ६४ वर्षांचे, जलसंपदा खात्यातून निवृत्त. कोथरूडचा फ्लॅट पती-पत्नी दोघांच्या नावे आहे. बँकेत ठेवी आहेत, थोडे शेअर आणि म्युच्युअल फंड आहेत, वाई तालुक्यात धाकट्या भावाबरोबर सामाईक शेती आहे. मुलगी अमेरिकेची नागरिक आहे, डिसेंबरात येणार आहे. मुलगा ३१ वर्षांचा, बौद्धिक अक्षमता असलेला. स्वतःचं आवरतो, पण पैशाचा व्यवहार त्याला कळत नाही. तुमच्या आई गावी भावाकडे असतात. तुम्ही विचारता: सगळीकडे नॉमिनेशन केलंय, मुलगी समजूतदार आहे, भावाबहिणीशी वाद नाहीत, मग मृत्युपत्राची गरज आहे का? आणि ट्रस्ट हे कोट्यधीशांचं काम ना?

मृत्युपत्र हवंच. तुमचं वेगळं आणि वहिनींचं, म्हणजे तुमच्या पत्नीचं, वेगळं. ट्रस्टही हवा, आणि तो तुमच्या घरात पैसा किती आहे यासाठी नाही, तर मुलासाठी हवा. मी पुण्यात वारसाहक्काची दिवाणी कामं करते. तुमच्यासारख्या घरांत ‘कुणाला किती मिळणार’ यावरून क्वचितच अडतं. अडतं ते मुलाच्या वाट्याला आलेल्या गोष्टीवर सही कोण करणार इथे. तुम्ही दोघं असेपर्यंत हा प्रश्न उभाच राहत नाही, म्हणून तो कुणाच्या डोक्यात येत नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. खाली लिहिलंय ते हिंदू वारसा कायदा धरून, म्हणजे हिंदू, बौद्ध, जैन, शीख कुटुंबांसाठी. मुस्लिम कायद्यात वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापलीकडे मृत्युपत्र चालत नाही आणि गोव्यात निम्मी मालमत्ता ठरावीक वारसांसाठी राखीव असते. तिथली मांडणी वेगळी करावी लागते. शिवाय तुमची शेती वडिलोपार्जित आहे की वडिलांनी घेतलेली, हे कागद पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.

आता मृत्युपत्र नसेल तर काय होतं ते तुमच्याच आकड्यांत पाहू. फ्लॅट दोघांच्या नावे आहे म्हणजे एकाच्या पश्चात तो आपोआप दुसऱ्याचा होतो, असं बहुतेकांना वाटतं. तसं होत नाही. तुमचा निम्मा हिस्सा तुमच्या वारसांकडे जातो. १९५६च्या कायद्याप्रमाणे पहिल्या वर्गाच्या वारसांत पत्नी, मुलगा, मुलगी यांच्याबरोबर आईही येते आणि सगळ्यांचा वाटा सारखा. म्हणजे तुमच्या निम्म्या हिश्शाचे चार भाग होणार. वहिनींकडे फ्लॅटचे पाच अष्टमांश, मुलीकडे एक अष्टमांश, मुलाकडे एक अष्टमांश आणि आईंकडे एक अष्टमांश.

आईंच्या पश्चात त्यांचा तो आठवा हिस्सा त्यांच्या वारसांकडे जाईल. त्यात तुमचा भाऊ, तुमची बहीण आणि तुमच्या जागी तुमची दोन मुलं. पुढे वहिनींना हा फ्लॅट विकून लिफ्ट असलेल्या लहान घरात जायचं ठरलं, तर खरेदीखतावर वाईच्या दिरांची सही लागेल, नणंदेची लागेल, अमेरिकेतून मुलीचं मुखत्यारपत्र लागेल आणि मुलाच्या वतीने अशा माणसाची सही लागेल ज्याला तो अधिकार रीतसर मिळालेला आहे. यात कुणाचीही नियत वाईट नाही. तरी सह्या जमवण्यात महिनोन्‌महिने जातात, आणि बयाणा देणारा माणूस तेवढा थांबत नाही.

नॉमिनेशनबद्दल. नॉमिनी म्हणजे ज्याच्या हाती रक्कम दिली की बँक मोकळी होते तो माणूस. रक्कम कुणाच्या मालकीची हे नॉमिनेशन ठरवत नाही. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८३ सालीच सांगितलं. पुढे २०१५च्या दुरुस्तीने आईवडील, पती-पत्नी आणि मुलं नॉमिनी असतील तर विम्याची रक्कम त्यांचीच, असा अपवाद आला. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबत बरीच वर्षं संभ्रम होता. तो डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मिटवला आणि तिथेही नॉमिनी मालक होत नाही असं ठरलं. तो वाद पंचांगकर्ते जयंत साळगावकर यांच्या मृत्युपत्रावरून उभा राहिला होता. सोसायटीचंही तसंच आहे. २०१९ साली महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आलं. त्यात नॉमिनी हा तात्पुरता सदस्य होतो. कायमचं नाव मृत्युपत्र, वारसा प्रमाणपत्र किंवा कौटुंबिक तडजोडीचा कागद यावरच लागतं.

म्हणून नॉमिनेशन निरुपयोगी आहे असं मात्र मुळीच समजू नका. ते नसेल तर पहिले काही महिने घरात रोख चणचण भासते. नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींना चारपर्यंत नॉमिनी टक्केवारीसह देता येतात, त्याचा उपयोग करून घ्या. एक बदल मात्र आधी करा. एका ठेवीला तुम्ही मुलाचं नाव नॉमिनी म्हणून लावलंय असं लिहिलंय. ते प्रेमापोटी केलं हे कळतं. पण ती ठेव मोडायला गेल्यावर बँक त्याच्या कायदेशीर पालकाचा कागद मागेल, आणि तो आज तुमच्याकडे नाही.

सगळ्यात निकडीचं काम हेच आहे. मूल अठरा पूर्ण झालं की आईवडील त्याचे कायद्याने पालक राहत नाहीत, मग त्याची समज कितीही असो. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालक नेमता येतो. अर्ज जिल्ह्याच्या स्थानिक स्तरीय समितीकडे करायचा. जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात. तुम्ही दोघांनी मिळून अर्ज करा. नेमणूक झाल्यावर सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते आणि दरवर्षी हिशोब. हा हिशोब कटकटीचा वाटतो, पण तुमच्यानंतर जो पालक होईल त्याच्यावर लक्ष ठेवणारं कुणीतरी असेल, ते याच हिशोबामुळे. पुढचा पालक कोण असावा हे मृत्युपत्रात जरूर लिहा. ते समितीवर बंधनकारक नाही, पण तुमची लेखी इच्छा समोर असणं आणि काहीच नसणं यात मोठा फरक पडतो.

यावर बहुतेक आईवडील एक सोपा उपाय सुचवतात. सगळं मुलीच्या नावे लिहू, ती भावाला सांभाळेल. तुमची मुलगी सांभाळेलही, मला शंका नाही. पण एकदा मालमत्ता तिची झाली की ती सर्व अर्थांनी तिची. तिच्या आयुष्यात काही बरंवाईट झालं, घटस्फोट झाला, कर्ज झालं, किंवा देव न करो ती भावाच्या आधी गेली, तर तो पैसा तिच्या वारसांचा किंवा तिच्या देणेकऱ्यांचा. त्यात तुमच्या मुलासाठी राखून ठेवलेलं असं काही उरत नाही. जावयाच्या हातात ते गेलं तर त्याच्या स्वतःच्या मुलांच्या शाळेच्या फीशी मेहुण्याच्या औषधांची स्पर्धा लागते. हे ओझं मुलीवर टाकू नये असं मला मनापासून वाटतं.

ट्रस्ट इथे उपयोगी पडतो. कालव्याचं पाणी पाळीने सुटतं, धरण एकदम रिकामं होत नाही. तुम्ही त्याच खात्यात होतात, तेव्हा कल्पना लगेच येईल. तुम्ही रक्कम विश्वस्तांकडे सोपवता. ते कागदोपत्री मालक होतात, पण ती फक्त मुलासाठी आणि फक्त दस्तात लिहिलेल्या कारणांसाठी खर्च करायची त्यांच्यावर सक्ती असते. खाजगी ट्रस्ट १८८२च्या कायद्याखाली होतो. धर्मादाय आयुक्तांचा त्याच्याशी संबंध नाही; ते सार्वजनिक न्यासांसाठी. किमान रकमेची अटही नाही.

ट्रस्ट विकणारे हल्ली ‘वारसा कर येणार’ म्हणून घाबरवतात. आपल्याकडचा तसा कर १९८५ साली रद्द झाला आणि आजपर्यंत परत आलेला नाही. त्या भीतीपोटी काही करू नका. तुमचं कारण वेगळं आणि भक्कम आहे.

दोन वाटा आहेत. एक, ट्रस्ट मृत्युपत्रातच लिहायचा, म्हणजे तो तुमच्या पश्चात सुरू होईल. दुसरी, हयातीतच लहानशा रकमेने सुरू करायचा, तुम्ही आणि वहिनी पहिले विश्वस्त व्हायचं, आणि मोठी मालमत्ता मृत्युपत्राने त्यात घालायची. तुमच्या घरासाठी मी दुसरी वाट सुचवेन. पॅन काढताना, बँकेत खातं उघडताना, विवरणपत्र भरताना काय अडतं ते तुमच्या डोळ्यांदेखत कळेल आणि दुरुस्त करता येईल. बँकेच्या शाखेत खाजगी ट्रस्टचं खातं उघडायला गेलं की धर्मादाय आयुक्तांचं प्रमाणपत्र मागतात, हा नेहमीचा अनुभव. ही लढाई मुलाच्या मावशीने तुमच्यामागे लढण्यापेक्षा तुम्ही आज लढलेली बरी. पहिल्या वाटेला कराच्या दृष्टीने एक फायदा असू शकतो, म्हणून दस्त पक्का करण्यापूर्वी सीएला दोन्ही मसुदे दाखवा. साधारण नियम असा की मुलगा एकटाच लाभार्थी आणि त्याचा हिस्सा ठरलेला असेल तर कर त्याच्या उत्पन्नाच्या दराने लागतो. कुणाला किती द्यायचं हे विश्वस्तांच्या मर्जीवर सोडलं तर बहुधा सर्वोच्च दराने.

फ्लॅट आत्ता ट्रस्टच्या नावे करू नका. त्यावर मुद्रांक शुल्क मोठं लागतं, आणि राहतं घर हयातीत आपल्या हातून सोडायचं कारण नाही. मृत्युपत्रावर मुद्रांक लागतच नाही. वहिनींना आयुष्यभर राहण्याचा आणि गरज पडल्यास विकण्याचा पूर्ण हक्क द्या, त्यांच्यानंतर घर किंवा त्याची रक्कम ट्रस्टमध्ये जाईल असं दोघांच्या मृत्युपत्रांत लिहा. दोघंही एकाच अपघातात गेलात तर काय, हेही लिहा. ठेवींना ट्रस्टचं नाव नॉमिनी म्हणून लागत नाही, तिथे व्यक्तीच लागते. म्हणून विश्वस्तांपैकी एकाचं नाव नॉमिनी म्हणून लावा आणि ती रक्कम ट्रस्टची हे मृत्युपत्रात नमूद करा.

विश्वस्त कोण हा खरा कसोटीचा प्रश्न, आणि इथे मी थोडी हट्टी आहे. तीन जण ठेवा. त्यातला निदान एक तुमच्यापेक्षा पंचवीस-तीस वर्षांनी लहान असावा, भाचा, पुतणी, कुणीही. प्रत्येकाच्या जागी पुढे कोण हे लिहून ठेवा. मुलगी विश्वस्त असावी, पण एकटी नसावी. बँकेच्या सहीसाठी दरवेळी अमेरिकेकडे बघावं लागलं तर मुलाची औषधं थांबतील. ती तिथली नागरिक असल्याने परदेशी ट्रस्टबद्दल तिला तिकडे माहिती द्यावी लागू शकते, एक लाख डॉलरवर वारसा मिळाला तर तिथल्या कर खात्याचा फॉर्म ३५२० आहेच. मसुदा तिच्या तिथल्या कर सल्लागाराने वाचायलाच हवा. तिला जे द्यायचं ते मृत्युपत्रातून सरळ द्या, ट्रस्टमध्ये तिचा वाटा गुंतवू नका.

आणि जो माणूस मुलाला रोज सांभाळणार, त्याच्याच हाती सगळा पैसा ठेवू नका. सांभाळणारा खर्च सांगेल, विश्वस्त पैसे देतील, वर्षातून एकदा तिसरा कुणीतरी मुलाला प्रत्यक्ष भेटून येईल. हे तिन्ही वेगळे असले की चूक लवकर दिसते. भेटीची अट दस्तात घाला. बिलं बरोबर असतात आणि मुलाचं वजन मात्र उतरत चाललेलं असतं, असंही घडतं, आणि ते कागदावर कधीच दिसत नाही.

दस्ताबरोबर एक साधं पत्र लिहा. त्याला कायद्याचं बळ नाही, पण पुढे रोज तेच उघडलं जाईल. एका आईने लिहिलेलं पत्र माझ्यासमोर आलं होतं. ‘गोळी भातात लपवून देऊ नका, हातावर ठेवा, तो स्वतः घेतो. कुकरच्या शिट्टीला घाबरतो, आधी सांगितलं तर घाबरत नाही. दाढी फक्त रविवारी करू देतो.’ त्या घरी पुढे काम करायला आलेल्या मावशींनी ते पत्र स्वयंपाकघरात चिकटवलं. तुमच्या मुलाबद्दलची अशी माहिती आज फक्त वहिनींच्या डोक्यात असणार.

मृत्युपत्राच्या कागदाबद्दल. नोंदणी सक्तीची नाही, तरीही दुय्यम निबंधकांकडे करा. फी किरकोळ आहे आणि फोटो, अंगठा, तारीख नोंदले जातात. पण नोंदणी झाली म्हणजे मृत्युपत्र सिद्ध झालं असं नाही. न्यायालयात निदान एका साक्षीदाराला उभं राहून सांगावं लागतं. दोन साक्षीदार हवेत. तुम्ही सही करताना त्यांनी पाहिलेलं असावं, किंवा ती सही तुमची असल्याचं तुम्ही त्यांना सांगितलेलं असावं, आणि त्यांनी तुमच्यासमोर सह्या केलेल्या असाव्यात. साक्षीदार म्हणून लोक समवयस्क मित्रांना नेतात आणि गरज पडेल तेव्हा ते हयात नसतात. चाळिशीतली, पत्ता न बदलणारी, मृत्युपत्रात काहीही न मिळणारी माणसं निवडा. फॅमिली डॉक्टर दोघांपैकी एक असले तर उत्तम. ज्यांना लाभ मिळणार आहे त्यांनी मसुदा करण्यात, गाडीने नेण्यात, पैसे भरण्यात पुढाकार घेऊ नये. आव्हान देणारा वकील नेमकं तेच विचारतो. व्यवस्थापक, म्हणजे एक्झिक्युटर, नावाने नेमा. शेवटी ‘यात न लिहिलेली व पुढे मिळणारी सर्व मालमत्ता’ हे कलम घाला, नाहीतर पुढच्या वर्षी काढलेली एखादी ठेव मृत्युपत्राबाहेर राहते. पुण्यातल्या मालमत्तेसाठी प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावर न्यायालयाची मोहोर, घ्यावंच लागतं असं नाही. मुंबई शहराच्या हद्दीचा नियम वर्षानुवर्षं वेगळा होता, त्यामुळे तिथल्या नातेवाइकांचे अनुभव इथे लावू नका.

आईंना वगळू नका. वृद्ध आई कायद्याने तुमची अवलंबित आहे, ती तुमच्या पश्चात मालमत्तेतून पोटगी मागू शकते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते योग्यही नाही. त्यांच्या औषधपाण्यासाठी वेगळी ठेव नावानिशी लिहा आणि फ्लॅटचा हिस्सा वहिनी व मुलाच्या ट्रस्टकडे राहू द्या.

शेतीत तुमचा जेवढा हिस्सा तेवढंच तुम्ही लिहू शकता, आणि मुलगीही जन्माने हिस्सेदार असू शकते. जमीन ट्रस्टमध्ये घालू नका, कूळकायद्याच्या अडचणी येतात. भावाशी सलोखा आहे तोवर वाटप करून सातबारावर स्वतंत्र नोंदी करून घ्या.

कुणी बक्षीसपत्र सुचवेल, कारण मुलांना राहतं घर देताना मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, वर स्थानिक अधिभार. तुम्ही ते करू नका. घर आज हातून जातं, आणि २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली ते परत मिळवायचं तर सांभाळण्याची अट आणि तिचा भंग सिद्ध करावा लागतो.

तुमच्या यादीत एक गोष्ट दिसली नाही, ती म्हणजे कुटुंब निवृत्तिवेतन. तुमच्या आणि वहिनींच्या पश्चात स्वतः कमवू न शकणाऱ्या अपत्याला ते आयुष्यभर मिळू शकतं. दर महिन्याला येणारी ही रक्कम कोणत्याही ठेवीपेक्षा खात्रीची. मुलाचं नाव तुमच्या पेन्शनच्या कागदांत, वैद्यकीय प्रमाणपत्रासह, आत्ताच नोंदवून घ्या. नंतर ते काम त्याला स्वतः करता येणार नाही.

क्रम असा ठेवा: आधी पालकत्वाचा अर्ज आणि पेन्शनची नोंद, त्याच आठवड्यात त्या एका ठेवीचं नॉमिनेशन बदलणं. मग दोघांची साधी मृत्युपत्रं, दोन-दोन पानांची का असेनात, पण लगेच. ट्रस्ट झाल्यावर ती नव्याने करता येतील, आणि शेवटचं वैध मृत्युपत्रच चालतं. मुलगी डिसेंबरात येते आहे. तोवर ट्रस्टचा मसुदा तयार ठेवा आणि तिच्या सल्लागाराकडून वाचून घ्या, म्हणजे ती इथे असतानाच दस्ताची नोंदणी आणि बँकेतल्या सह्या उरकतील.